कॅनडा की अमेरिका? बाहेर शिकलेल्या फार्मसिस्टसाठी

आधी डिग्री किती वर्षांची ते बघा, कारण अमेरिकेत २००३ पासून पास झालेल्यांना ५ वर्षांचा कोर्स लागतो, ४ वर्षांवाल्यांना एफपीजीईसी सर्टिफिकेटच (बाहेरची फार्मसी डिग्री अमेरिकेत मान्य झाल्याचा दाखला) मिळत नाही आणि हे लोकांना फार उशिरा कळतं, वाईट वाटतं खरंच. कॅनडात पीईबीसी (फार्मसिस्टची डिग्री तपासणारं आणि परीक्षा घेणारं तिथलं बोर्ड) ४ वर्षांची डिग्रीसुद्धा तपासायला घेते.

अमेरिकेत त्या सर्टिफिकेटसाठी एफपीजीईई (फार्मसीच्या ज्ञानाची परीक्षा) आणि इंग्रजीची परीक्षा, मग इंटर्नशिपचे तास आणि नॅप्लेक्स (लायसन्ससाठीची परीक्षा). कॅनडात पीईबीसीच्या क्वालिफाइंग परीक्षेचा दुसरा भाग प्रॅक्टिकल, समोर पेशंटची भूमिका करणारा माणूस बसतो, त्याला नीट समजावून सांगायचं, नुसतं पाठांतर तिथे चालत नाही, म्हणून बोलायची प्रॅक्टिस आधीपासून कराच.

लायसन्स मात्र दोन्हीकडे राज्य किंवा प्रांतच देतो, कॅनडातल्या क्वीबेक प्रांताचा तर रस्ताच वेगळा. ४ वर्षांवाल्यांनी सरळ कॅनडा बघावं.