मणी कौल पाहायचे तर आधी 'उसकी रोटी' की 'दुविधा'?

हिंदीतील समांतर चित्रपटांचे दिग्दर्शक मणी कौल यांच्या चित्रपटांकडे वळणाऱ्याला बहुधा पहिल्या चित्रपटापासून, म्हणजे 'उसकी रोटी'पासून सुरुवात करावीशी वाटते. माझ्या मते मात्र आधी 'दुविधा' (१९७३) पाहावा.

दोन्ही चित्रपट कथांवर बेतलेले आहेत आणि दोन्हींच्या केंद्रस्थानी नवऱ्यापासून दुरावलेली स्त्री आहे. मोहन राकेश यांच्या कथेवरील 'उसकी रोटी'त बालो ही बसचालक नवऱ्याचा डबा घेऊन रस्त्यावर त्याची वाट पाहते, आणि वरवर पाहता याहून फारसे काही घडत नाही. छायालेखक के. के. महाजन यांच्यासह कौल यांनी येथे २८ मिलिमीटरचे (रुंद दृश्य टिपणारे) आणि १३५ मिलिमीटरचे (दूरचे जवळ आणणारे) अशा दोनच भिंगांवर भर दिला. एक प्रत्यक्षासाठी, दुसरे बालोच्या मनातल्या चित्रांसाठी, अशी विभागणी करून पुढे तीच उलटी केली. त्यामुळे समोरचे दृश्य घडते आहे की तिला भासते आहे, याची खात्री उरत नाही. चित्रपटाचे मोठेपण याच अनिश्चिततेत आहे, पण त्यातच संवाद मुद्दाम सपाट, भावरहित उच्चारलेले असल्याने सवय नसलेला प्रेक्षक अर्ध्यातच उठण्याचा संभव असतो.

'दुविधा'त राजस्थानी लेखक विजयदान देथा यांची गोष्ट भक्कम आधार देते: व्यापारासाठी परगावी गेलेल्या नवऱ्याचे रूप घेऊन भूत नवरीकडे येते आणि आपण कोण आहोत हे तिला खरेखरे सांगते. कथानक निवेदनातून उलगडत असल्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष पांढऱ्या भिंतींपुढची लाल ओढणी, नवरीचे हात, मध्येच गोठवलेली चौकट यांवर निवांत स्थिरावते. अमोल पालेकरांचा 'पहेली' (२००५) याच कथेवरचा असल्याने तो पाहिलेल्यांना गोष्ट ठाऊकच असेल. शेवट मात्र वेगळा आहे, आणि मला 'दुविधा'चा कठोर शेवटच अधिक प्रामाणिक वाटतो.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने 'ध्रुपद' (१९८२) या माहितीपटापासूनही खुशाल सुरुवात करावी. त्यातील ध्रुपद कलावंत झिया मोहिउद्दीन आणि झिया फरिदुद्दीन डागर यांचा आलाप ज्याला संथ वाटत नाही, त्याला कौल यांची लयही परकी वाटणार नाही. ते स्वतः डागरांकडे ध्रुपद शिकले होते.

मराठी प्रेक्षकाला साहजिकच 'घाशीराम कोतवाल' (१९७६) जवळचा वाटेल, परंतु तो 'युक्त' या सहकारी गटातील अनेक दिग्दर्शकांनी मिळून केला असल्याने कौल यांची ओळख करून घेण्यासाठी तो नंतरच पाहावा.