घरच्या रेकॉर्डिंगची पहिली खरेदी: कंडेन्सर, डायनॅमिक की हातातला रेकॉर्डर?

माझा भाचा वसमतला असतो. अभंग गातो, पेटीही स्वतःच वाजवतो. दिवाळीपासून त्यानं एकच प्रश्न लावून धरलाय: "मामा, पैसे साठवलेत, पण पहिल्यांदा काय घेऊ? कंडेन्सर माइक, साधा माइक, का तो झूमचा रेकॉर्डर?" साधा म्हणजे डायनॅमिक, स्टेजवर हातात धरतात तो; झूम ही हातातले रेकॉर्डर बनवणारी कंपनी. मी तिन्ही वापरले आहेत. परभणीतल्या माझ्या स्लॅबच्या खोलीत, गंगाखेडच्या बाजूला मावशीच्या जुन्या माळवदात, आणि एकादशीला मंदिरातल्या भजनात. त्याला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते इथं सलग लिहितोय, कारण लातूर-नांदेडकडच्या आणखी दोघा-तिघांनी मला हेच विचारलं आहे.

माइकचं नाव काढण्याआधी एक काम करा. जिथं गाणार त्या खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. माझ्या परभणीच्या खोलीत टाळी मारली की भिंतीवरून एक टणक, पत्र्यासारखा आवाज परत येतो. घोटलेलं प्लास्टर, गुळगुळीत फरशी, वर सपाट स्लॅब. मावशीच्या माळवदात तीच टाळी जागच्या जागी विरते. हातभर जाड मातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर मातीचा थर, भिंतीत कोनाडे, एका अंगाला धान्याची पोती. तोच माइक, तोच गळा घेऊन मी दोन्हीकडं एकच अभंग गायलो. माळवदातलं रेकॉर्डिंग ऐकून एका मित्रानं विचारलं, कुठल्या स्टुडिओत गेला होतास? आपल्याकडं माळवदं पाडून स्लॅब टाकायची घाई झाली आहे. ज्याच्या घरात अजून एखादं माळवद शिल्लक आहे त्यानं रेकॉर्डिंग तिथंच करावं.

स्लॅबचीच खोली असेल तर दोन जाड वाकळा दोरीवर टाका, गाणाऱ्याच्या पाठीमागं. पुष्कळ जण त्या माइकच्या मागं लावतात. माइकचं तोंड गाणाऱ्याकडं असतं, म्हणजे त्याला दिसते ती गाणाऱ्याच्या मागची भिंत. वाकळ तिथं हवी. मात्र वाकळीनं खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. गल्लीतली पिठाची गिरणी चालू असेल तर ती वाकळीतूनही ऐकू येणार.

कंडेन्सर आणि डायनॅमिक

मी पहिल्यांदा कंडेन्सर घेतला होता. जो तो तेच सांगत होता. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा या वर्गातला सगळ्यांच्या ओळखीचा माइक. कागदावर त्याची झेप, म्हणजे तो टिपतो त्या सर्वांत खालच्या ते सर्वांत वरच्या सुराची मर्यादा, २० ते २०,००० हर्ट्झ. शुअर एसएम५८ हा डायनॅमिक माइक १९६६ पासून बाजारात आहे, त्याची झेप ५० ते १५,००० हर्ट्झ. आकडे बघून कुणीही पहिलाच उचलेल, आणि कंडेन्सरनं टिपलेला बारकावा खराच असतो. पेटीचा भाता उघडतानाचा श्वास, 'स'वरची धार, टाळ विरत जातानाची शेवटची झिणझिण, हे सगळं त्यात येतं. या माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज लागते आणि ती इंटरफेसमधून, माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यातून, मिळते. म्हणजे नुसता माइक घेऊन भागत नाही.

अडचण उन्हाळ्यात आली. परभणीत एप्रिल-मे महिन्यात पंखा बंद करून दहा मिनिटं गाणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पंखा लावला की तो रेकॉर्डिंगमध्ये, शेजारचा कूलर रेकॉर्डिंगमध्ये, पाण्याची मोटार रेकॉर्डिंगमध्ये. शेवटी रात्री दोन वाजता गायला बसायचो, तर कुत्री जागी.

तेव्हा एसएम५८ आणला आणि रेकॉर्डिंग एकदम मोकळं, स्वच्छ झालं. लोक म्हणतात डायनॅमिक माइक बाहेरचं घेतच नाही. ते अर्धंच खरं आहे. खरं कारण अंतर. एसएम५८ आपण ओठांपासून दोन-तीन इंचांवर धरतो, कंडेन्सर मी फूटभर लांब ठेवत होतो. अंतर निम्मं केलं की गळ्याचा थेट आवाज ६ डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) वाढतो, पंख्याचा आणि भिंतींचा आहे तेवढाच राहतो. बारा इंचांवरून तीन इंचांवर आलात की १२ डेसिबलचा फायदा तिथंच झाला. नंतर मी कंडेन्सरही पॉप फिल्टर (प-फचे फुत्कार अडवणारी जाळी) लावून जवळ आणला, तेव्हा दोघांतला फरक खूपच कमी झाला. जवळ गाताना एक गोष्ट मात्र सांभाळा. असे एका बाजूनं ऐकणारे माइक जवळून खर्ज फुगवतात. भरदार आवाजाच्या माणसाचा मंद्र सप्तक त्यात चिखलासारखा होतो. अशा वेळी थोडं तिरकं गावं किंवा नंतर शंभर हर्ट्झच्या खालचं कापून टाकावं.

कंडेन्सर वाईट आहे असं मी म्हणत नाही. शांत खोली असेल, तंबोरा, सतार, बासरी घ्यायची असेल, तर मी आजही तोच लावतो. पण पंख्याखाली, रस्त्यालगतच्या घरात, पहिलाच माइक म्हणून मी डायनॅमिकच सुचवेन. तो हातातून पडला तरी सहसा काही होत नाही, आणि तोच उद्या मंदिरातल्या माइक सेटलाही चालतो.

डायनॅमिकची एक मागणी आहे. त्याचा आवाज मुळात बारीक येतो, इंटरफेसला तो बराच उचलावा लागतो. या उचलण्याला गेन म्हणतात. फोकसराइटच्या स्कारलेट सोलो या इंटरफेसचा २०२३ पासूनचा चौथा अवतार ५७ डेसिबलपर्यंत गेन देतो, त्याच अवतारातला २आय२ ६९ डेसिबलपर्यंत. हळू आवाजात गाणाऱ्याला हा बारा डेसिबलचा फरक कानाला कळतो. स्वस्तातल्या इंटरफेसवर गेन शेवटपर्यंत फिरवला की मागं सुं-सुं सुरू होते. जोरकस भारूड-गवळण म्हणणाऱ्याला ती जाणवणार नाही, ओवीला जाणवेल.

सोलो घेताना आणखी एक बघा, त्यात माइकची जागा एकच आहे. दुसरी जागा गिटार किंवा कीबोर्डसाठी. गळा आणि पेटी एकाच वेळी दोन माइकवर घ्यायची असेल तर सोलो कामाचा नाही. २आय२ किंवा त्याहून स्वस्त असा बेहरिंजरचा यूएमसी२०२एचडी, या दोन्हींत माइकच्या दोन जागा आहेत. माझ्या ओळखीच्या एका मुलाला दुकानदारानं "दोन इनपुट आहेत" एवढंच सांगून एक माइकवाला इंटरफेस दिला. त्याला घरी येऊन कळलं.

इंटरफेसची झंझट नकोच असेल तर एक मधली वाट आहे. ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स-यूएसबी आणि सॅमसन क्यू२यू हे डायनॅमिक माइक थेट यूएसबीनं लॅपटॉपला लागतात, आणि त्यांना एक्सएलआरची, म्हणजे इंटरफेसला जाणाऱ्या तीन पिनांच्या माइक केबलची जागाही आहे, म्हणून पुढं इंटरफेस घेतला तरी ते वाया जात नाहीत. हेडफोनची जागा माइकवरच असते, त्यामुळं आपला आवाज उशिरा कानात येत नाही. एकट्या गाणाऱ्या विद्यार्थ्याला एवढं भरपूर झालं.

वीज

लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना मागं घूंऽऽ असा अखंड आवाज आला तर माइकला दोष देऊ नका. चार्जर काढा. माझ्याकडं नव्वद टक्के वेळा तो तिथंच थांबला. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि घराचं अर्थिंग नीट नसेल तर तोच ५० आणि त्याच्या पटीतला १०० हर्ट्झचा सूर गाण्यात उतरतो. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेण्याचा खर्च माइकच्या खर्चाआधी धरा. जुन्या घरांत तर नक्कीच.

लाईट गेली तर लॅपटॉपवर चालणारा इंटरफेस चालूच राहतो. डेस्कटॉपवाल्याला मात्र यूपीएसशिवाय इलाज नाही. एका संध्याकाळी पखवाजवाल्या बुवांना मिनतवारीनं घरी आणलं होतं, अभंग शेवटच्या आवर्तनात होता आणि लाईट गेली. सगळी फाईल गेली. बुवा काही बोलले नाहीत, पण तसं पुन्हा जमलं नाही. त्यानंतर मी रेकॉर्डर घेतला.

हातातला रेकॉर्डर

झूमचा एच१एसेन्शियल २०२४ साली आला. मुठीत मावतो, दोन बारक्या सेलवर चालतो, वर दोन माइक एकमेकांवर तिरके बसवलेले, आणि रेकॉर्डिंग होतं ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे अगदी बारीक ते अगदी मोठा आवाज एकाच फायलीत मावेल अशा पद्धतीनं. म्हणून त्याला गेनचं बटणच नाही. भजनात पखवाज एकदम कडाडला किंवा गोंधळात संबळावर वाकडी काठी जोरात पडली, तर नेहमीच्या २४-बिट इंटरफेसवर आधीच गेन कमी ठेवला नसेल तर आवाज फाटतो आणि फाटलेला परत शिवता येत नाही. फ्लोटमध्ये तो घरी येऊन खाली ओढता येतो. कुजबूज वर उचलता येते. मात्र संबळाच्या तोंडापाशीच नेऊन ठेवला तर माइकचा पडदाच आवाज सोसणार नाही, तिथं कुठलाही फ्लोट वाचवत नाही. फायलीही मोठ्या होतात. ४८ किलोहर्ट्झला स्टिरिओमध्ये एका मिनिटाला साधारण २३ एमबी, म्हणजे रात्रभराच्या भजनाला कार्ड मोठं हवं.

रेकॉर्डरची खरी किंमत मला मावशीकडं कळली. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, आईकडून आलेल्या. आधी मी स्टँड, माइक, केबल, लॅपटॉप असा सगळा बाडबिस्तरा घेऊन गेलो होतो. ती पदर सावरून ताठ बसली आणि म्हणाली, "हे काय मांडलंस रे पुढं? मला नाही यायचं." दोन ओव्या म्हणून थांबली. पुढच्या वेळी रेकॉर्डर नेला, चालू केला आणि कोनाड्यात पणतीशेजारी ठेवून दिला. ती जात्याला बसली, मूठभर ज्वारी टाकली, आणि अर्धा तास गात राहिली. आधी तो मी जमिनीवर ठेवून बघितला होता, तेव्हा जात्याची घरघर जमिनीतून चढून सगळं खाऊन टाकत होती. कोनाड्यात, खाली वाकळीची घडी घालून ठेवल्यावर जातं मागं गेलं, गळा पुढं आला. १९९०च्या दशकात गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या मंडळींनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आपल्या परभणी-बीडमधल्याही, त्या गावोगावी जाऊनच.

रेकॉर्डरची मर्यादाही तितकीच ठळक. टाळ-पखवाज-गायक सगळे एकाच फायलीत येतात. नंतर गायकाला वेगळं वर काढता येत नाही, म्हणून तो कुठं ठेवला यावरच सगळं ठरतं. मंडळ अर्धगोलात बसलं की मी तो गायकासमोर चार-पाच फुटांवर, टाळकऱ्यांच्या डोक्याच्या वर येईल एवढ्या उंचीवर ठेवतो. टाळांच्या पातळीत ठेवलात तर दुसरं काही ऐकू येणार नाही. उघड्यावर वारा असेल तर फोमची टोपी घाला. एकावर एक थर चढवून गाणं बांधायचं असेल तर हा त्रासाचा, तिथं इंटरफेसच हवा. दोन्ही एकत्र हवं असेल तर झूमचाच एच४एसेन्शियल आहे. त्याला फँटम पॉवरसकट दोन बाहेरचे माइक लागतात आणि अंगचे दोन आहेतच. पण तो महाग पडतो.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्या, एवढंच. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत: ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं.

भाच्याला मी सांगितलं ते असं. तू गातोस आणि पेटीही वाजवतोस, म्हणून माइकच्या दोन जागांचा इंटरफेस घे, सोबत एकच एसएम५८, एक स्टँड, एक चांगली केबल. दुसरा माइक पुढच्या वर्षी, आणि तोवर खोली शांत झाली असेल तर तो कंडेन्सर असू दे, पेटीसाठी. मंडळाचं भजन किंवा आजीच्या ओव्या घ्यायच्या असतील तेव्हा माझा रेकॉर्डर ने. तू दुसऱ्यांचंच गाणं टिपत फिरणार असतास तर मी उलटं सांगितलं असतं, आधी रेकॉर्डरच घे म्हणालो असतो.

परवा त्याचा फोन आला. स्वतःच्या खोलीत टाळी वाजवून मला ऐकवली, माझ्या खोलीसारखीच टणक. ऑर्डर अजून दिलेली नाही. आजीकडून दोन वाकळा मागून आणल्यात आणि भिंतीला खिळे ठोकतोय.