कंपनीचा मोठा प्रकल्प की गावाचा छोटा? सही करण्याआधी

गावाच्या हद्दीत वीजप्रकल्प आला म्हणजे गावात वीज आली, असं नसतं. आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरच्या करिबा धरणासाठी १९५०च्या दशकात सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना नदीकाठ सोडावा लागला. वीज गेली तांब्याच्या खाणींना आणि शहरांना. उठवलेल्या कित्येक गावांत पुढे अनेक दशकं अंधारच होता. उच्च दाबाच्या वाहिनीवरून थेट घराला जोडणी देता येत नाही. मध्ये उपकेंद्र, रोहित्र लागतं, आणि विखुरलेल्या चार वस्त्यांसाठी तो खर्च करायला सहसा कुणी पुढे येत नाही. म्हणून कंपनीचा प्रस्ताव ‘काहीच नको’शी नव्हे, गावाच्या मालकीच्या छोट्या प्रकल्पाशी ताडून पाहावा.

जमीन

खरा फरक इथे पडतो. सौर प्रकल्पाला एका मेगावॅटमागे साधारण चार-पाच एकर लागतात आणि ती जमीन बहुतेक वेळा कुंपणाआड जाते. पवनचक्कीचा पाया आणि रस्ता मिळून थोडीच जागा अडते, मधल्या रानात गुरं चरू शकतात. कागदावर तरी. नॉर्वेतल्या फोसेनमध्ये रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या हक्कांवर गदा आली, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये परवाने अवैध ठरवले. तोवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या, आणि निकालानंतरही त्या फिरतच राहिल्या. केनियातल्या तुर्काना सरोवराजवळच्या ३६५ पवनचक्क्यांसाठी सुमारे दीड लाख एकर जमीन दिली गेली. ती देण्याची प्रक्रियाच नियमबाह्य होती, असं तिथल्या न्यायालयाने त्याच वर्षी म्हटलं. दोन्हीकडे जमिनीवर वावर होता तो पशुपालकांचा.

कर्नाटकातल्या पावगडा सौर पार्कने जमीन विकत न घेता भाड्याने घेतली, हे विक्रीपेक्षा नक्कीच बरं. पण भाडं मिळतं ते मालकाला. त्याच शेतावर मजुरी करणाऱ्याला नाही. नोकऱ्यांच्या आश्वासनावर फार विसंबू नये: बांधकाम संपलं की राखणदारी आणि सफाईची मोजकी कामं उरतात.

वीज

छोट्या प्रकल्पाची वीज गावातच राहते, पण मोजून मिळते. स्कॉटलंडच्या एग बेटाने २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर स्वतःची वीजव्यवस्था चालवली आहे. तिथे घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि व्यवसायाला १० किलोवॅट अशी मर्यादा ठरवली गेली. घरगुती वापराला हे भरपूर झालं. गिरणी, वेल्डिंग, शीतगृह एकाच वेळी चालवायचं असेल, तर नाही.

छोट्या प्रकल्पाचं दुखणं वेगळं. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, बॅटरी त्याच्या बऱ्याच आधी बदलावी लागते. दरमहा वसुली करून पैसे बाजूला ठेवणारी समिती आणि गावातच राहणारा शिकलेला तंत्रज्ञ नसेल, तर हा पर्याय घेऊ नये, मग अनुदान कितीही मिळो.

मग कुठला?

मुख्य वाहिनी लांब असेल आणि गरज दिवे, पंप, शाळा, दवाखान्यापुरती असेल, तर माझा कौल छोट्या प्रकल्पाला. जमिनीचे हक्क, चराईचे सामूहिक हक्कसुद्धा, आधीच नोंदलेले असतील तर मोठ्याचा विचार करावा. धरण मात्र मी या तुलनेत धरलंच नाही. भाडेकरार संपला की शेत परत मिळू शकतं, बुडालेलं नाही.

मोठा प्रकल्प घ्यायचाच असेल तर घरजोडणीची तारीख, उत्पादनावर आधारित वार्षिक वाटा आणि भूमिहीनांचा हिस्सा करारात लेखी हवा. यंत्रं काढून जमीन मोकळी करण्याचा खर्चही सुरुवातीलाच वेगळ्या खात्यात ठेवायला लावावा. पंचवीस वर्षांत कंपनीचे मालक बदलू शकतात, तेव्हा हे सगळं नव्या मालकावरही बंधनकारक राहील, असं कलम वकिलाकडून घालून घ्यावं.