‘सीलपॅक’ किट आणि घरी छापलेले डिकल

सुटे भाग जोडून मॉडेल बनवायचं, उत्पादन बंद झालेलं जुनं किट मिळतंय म्हटल्यावर आपल्यातले बरेच जण किंमत फार ताणत नाहीत. विकणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं. मला ज्याने गंडवलं तो ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात अजूनही माल विकतोय, म्हणून सविस्तर लिहितोय.

किट होतं तामिया या जपानी कंपनीचं, १/२४ मधलं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या लांबीचं: निस्सान स्कायलाइन जीटी-आर, आर३२ मॉडेल, कॅल्सोनिक या प्रायोजकाची निळी, ग्रुप ए वर्गातली रेसिंग कार. १९९० ते १९९३ मध्ये जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या २९ च्या २९ शर्यती आर३२ ने जिंकल्या आणि १९९० चं विजेतेपद या निळ्या गाडीकडेच गेलं. मॉडेल जेमतेम १९ सेंटिमीटरचं. पण तिची सगळी ओळख अंगावरच्या पांढऱ्या अक्षरांत. ही अक्षरं डिकलची, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील चित्रांची. डिकल काढून टाका, उरते नुसती निळी गाडी.

‘दादा, एकदम सीलपॅक आहे, वाशी स्टेशनला या,’ असा त्याचा निरोप. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने गेलो. खोक्यावर घट्ट प्लॅस्टिक होतं. तामियाच्या कार किटच्या खोक्यावर सहसा असं आवरण नसतंच, तेव्हा तिथेच ते काढायला लावलं. स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी) मोजले, काचा पाहिल्या, टायर दाबून बघितले. सगळं चोख. डिकलची पिशवी तेवढी बंद होती. ‘ती फोडू नका हां, हवा लागली की पिवळे पडतात.’ जुने डिकल पिवळे पडतात हे खरंच आहे. त्यामुळे सल्ला जाणकाराचा वाटला. पैसे यूपीआयने दिले.

मग बॉडी. प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात), घासणं, पुन्हा प्रायमर, निळ्याचे पातळ हात. त्यात पावसाळा. दमट हवेत लॅकर (झटपट सुकणारा रंग) मारला की रंगावर पांढरट झाक येते, म्हणून कोरड्या दुपारची वाट बघत बसायचं. घरच्यांनी वासाबद्दल काय काय ऐकवलं ते जाऊ दे. रंग मात्र काचेसारखा बसला.

पहिला डिकल कोमट पाण्यात टाकला आणि पाणी निळं झालं.

खरे डिकल पक्क्या शाईत छापलेले असतात, पाण्यात विरघळत नाहीत. माझे निघाले इंकजेटचे. घरचा प्रिंटर पांढरी शाई मारत नाही, म्हणून त्याने पांढऱ्या डिकल-कागदावर अक्षरांभोवती निळा रंग छापला होता. खरी पांढरी अक्षरंही फिकट निळ्या कागदावरच येतात, त्यामुळे बंद पिशवीतून फरक कळणं अवघड. पिशवीचं तोंड बहुधा घरच्या सीलिंग मशीनने चिकटवलेलं. एवढी मेहनत याने मॉडेल बनवण्यात घातली असती तर!

फोन केला. ‘मी फक्त विकतो, आतलं कंपनीला विचारा.’ नंतर ब्लॉक. थोड्याच दिवसांत त्याच गाडीची ओरिजिनल डिकल शीट वेगळी विकायला आलेली दिसली, फोन नंबर तोच. म्हणजे एका खोक्याचे दोनदा पैसे. स्क्रीनशॉट आणि यूपीआयची नोंद जोडून पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय; ऑनलाइन पैसे देऊन फसला असाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लगेच करा, उशीर झाला की रक्कम अडवणं कठीण जातं.

रेसिंग कारचं जुनं किट घेताना डिकलची शीट बाहेर काढायला लावाच. ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. खऱ्या शीटवर प्रत्येक अक्षरासभोवती चकचकीत थराची कड वेगळी दिसते. घरी छापलेल्या शीटवर तो थर कागदभर सलग असतो. ओल्या कापसाने एक कोपरा टिपून बघता आला तर उत्तमच. पिवळे पडतील म्हणून कुणी अडवलं, तर सांगा की पिवळे पडलेले डिकल खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवले की बरेचसे उजळतात. आणि तरीही पिशवी उघडू देत नसेल, तर परतीची लोकल पकडा.