नमुना अस्सल, माल बोगस: गाईंच्या रबर मॅटमध्ये गेलेले ३७,००० रुपये

गोठ्यात मॅट टाकायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझे ३७,००० रुपये गेले, दोन गाईंची कास बिघडली, आणि त्याच मॅटच्या फोटोंची जाहिरात आज दुसऱ्या नावाने बिनधास्त चालू आहे.

आमच्या २४ संकरित गाई, खाली सिमेंटचा कोबा. गाय दिवसातले बारा-चौदा तास बसून काढते, त्यामुळे कोब्यावर गुडघे सुजायला लागले होते. आधी उसाचे पाचट टाकायचो. स्वस्त पडते, पण रोज बदलायला माणूस लागतो आणि माणूस मिळत नाही. वखारीतला भुसा ओला निघाला तर कासदाहाचे, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाचे, जंतू त्यात झपाट्याने वाढतात. प्लायवूडचा भुसा तर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका, त्यात गोंद आणि केमिकल असते. वाळू कासेला सगळ्यात चांगली, पण आमच्याकडे बायोगॅस आहे. शेणाबरोबर वाळू गेली की टाकीत गाळ बसतो. म्हणून मॅट.

नमुना कृषी प्रदर्शनात पाहिला होता. साडेसहा बाय चार फूट, जाडी १७ मिलिमीटर, अस्सल रबर. मी आणि भावाने मिळून कशीबशी उचलली. तशी मॅट दुकानदार २,४०० ला सांगत होते, नमुना दाखवणारा विक्रेता म्हणाला १,४५०. ‘डायरेक्ट फॅक्टरी दादा, मधे दलाल नाही.’ २४ मॅटचे ३४,८०० आणि टेम्पोभाडे २,२००. त्यातले १२,००० आगाऊ, उरलेले २५,००० माल दारात आल्यावर. माल दारात आल्यावर पैसे, म्हटल्यावर शंका घ्यायला जागा कुठे राहते? स्वस्ताच्या मागे लागलास म्हणणाऱ्यांनी दुधाचा दर आणि पेंडीच्या पोत्याचा भाव शेजारी शेजारी मांडून बघावा, मग बोलावे.

टेम्पो आला नेमका संध्याकाळी, धारेच्या वेळी. ही वेळ ते मुद्दाम धरतात, याबद्दल आता मला शंका नाही. मशीन चालू, गाई पान्हावलेल्या, डेअरीची गाडी यायची वेळ. ड्रायव्हरची घाई, ‘पुढे अजून माल टाकायचाय, पैसे सोडा.’ त्याच्याबरोबर सोळा-सतरा वर्षांचा एक काटकुळा पोरगा होता. त्याने एक मॅट खांद्यावर टाकली आणि सरळ गोठ्यात चालत गेला. एकटा. पुढच्या खेपेला दोन नेल्या. जी आम्हा दोघा भावांना उचलत नव्हती, ती हा पोरगा जोडीने नेत होता, आणि मी ते बघत बघत २५,००० पाठवत होतो! पेंडीची पोती मोजायचा काटा दहा पावलांवर पडलेला. ते आठवले की अजून डोके तापते. पण पान्हावलेली गाय थांबत नाही, आणि धार अर्धी टाकून कोणता गोठेवाला मॅटचे वजन करत बसेल?

या मापाची खरी रबर मॅट चाळीस किलोच्या पुढेच भरते. काट्यावर टाका, मगच पैसे द्या. कडेचा तुकडा ब्लेडने कापून आत काय आहे ते बघा, विक्रेत्याला आवडो न आवडो.

आमच्यात वर रबराचा पातळ पापुद्रा आणि आत फोम निघाला. काही आठवड्यांत खुरांनी भोके पडली, मूत आत मुरले, कोपरे वर वळले. मॅट पाण्याने धुतली तरी खालून घाण वास यायचा. मग दोन गाईंना दगडी, म्हणजेच कासदाह झाला. औषधपाण्याचे ६,४०० गेले. अँटिबायोटिक चालू असताना दूध डेअरीला घालता येत नाही, ते ओतून द्यावे लागले. ते ७,८०० वेगळे.

तक्रार करायला गेलो तर प्रत्येकाने दुसऱ्याचे दार दाखवले. पोलीस ठाण्यात, ‘माल मिळालाय ना? मग हा दिवाणी मामला.’ अहो, नमुना एक दाखवून दुसराच माल गळ्यात मारणे ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? साधा अर्जही घेईनात, पोच तर लांबच. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. जनावरांच्या डॉक्टरांनी उपचार चांगले केले, पण कासदाह ओल्या मॅटमुळे झाला असे दोन ओळीत लिहून द्यायला तयार नाहीत. एका साहेबांनी तर मलाच विचारले, ‘पक्के बिल का नाही घेतले?’ विक्रेत्याने पक्क्या बिलावर जीएसटी वेगळा लागेल सांगून कच्ची पावती दिली, त्याबद्दल विक्रेत्याला कोण विचारणार? जीएसटी क्रमांक नसलेली पावती कोणी दिली तर व्यवहार तिथेच मोडा.

वकील म्हणाले, दूधधंदा व्यावसायिक आहे असे सांगून समोरचा सुटायला बघेल. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरातून वगळली आहे, म्हणजे मी ग्राहकच ठरतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. हे मला एकाही कार्यालयाने सांगितले नाही. तक्रार मी दाखल केली आहे. अशाच हलक्या मॅट कोणाच्या गोठ्यात आल्या असतील तर त्या फेकू नका. कापलेल्या कडेचे आणि काट्यावरच्या वजनाचे फोटो काढा, यूपीआयच्या नोंदी जपा आणि मला कळवा. आयोगाच्या परवानगीने आपल्याला एकत्र तक्रार करता येते.