मेंटल हेल्थ कोर्ट की नेहमीचं कोर्ट? सही करण्याआधी एवढं वाचा

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेला मुलगा आजाराच्या झटक्यात काहीतरी करून बसतो, पोलीस त्याला घेऊन जातात, आणि चार दिवसांनी वकील विचारतो, "केस मेंटल हेल्थ कोर्टात न्यायची का?" आईवडिलांच्या तोंडून लगेच 'हो' निघतं. नावातच आरोग्य आहे, म्हणजे शिक्षा नसणार असं वाटतं. माझ्या मित्राच्या मुलाच्या वेळी आम्हालाही तसंच वाटलं होतं. त्याच्याबरोबर वर्षभर तारखांना गेलो, तेव्हा खरा हिशेब कळला.

आधी एक गैरसमज. तिकडे पुण्यात बसलेले ओळखीचे वकील फोनवर सांगतात, "वेडाचं सर्टिफिकेट जोडा, सुटेल." हा तो मामला नाही. गुन्हा करताना भान होतं की नव्हतं, याचा निवाडा या कोर्टात होत नाही. मेंटल हेल्थ कोर्ट म्हणजे फौजदारी कोर्टाचाच एक वेगळा विभाग. खटला बाजूला ठेवून उपचारांवर देखरेख करणारा. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत १९९७ साली असं कोर्ट सुरू झालं, आज देशभरात अशी शेकडो आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. भारतात असं कोर्टच नाही, त्यामुळे तिथल्या अनुभवावर इथला निर्णय घेऊ नका.

नेहमीच्या कोर्टात दोन बाजू भांडतात. पुरावा कच्चा असेल, मुलानं ते केलंच नसेल, तर लढायची जागा तीच. आरोप किरकोळ आणि पहिलाच असेल तर दंड किंवा थोडं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी बाहेर राहून देखरेख) होऊन काही महिन्यांत प्रकरण संपूही शकतं. पण तिथे आजार कुणाच्याच खात्यावर नसतो. जामीन मिळाला नाही तर तुरुंगात औषधांची साखळी तुटते, आणि तारखेला उभा राहणारा मुलगा अटकेच्या दिवशीपेक्षा जास्त आजारी असतो.

मेंटल हेल्थ कोर्टात जज, सरकारी वकील, आपला वकील आणि उपचारांचा पाठपुरावा करणारा केस मॅनेजर एका टेबलाशी बसून उपचारांचा आराखडा ठरवतात. सुरुवातीला दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला हजेरी. गोळ्या, समुपदेशन, अनेक ठिकाणी लघवीची तपासणी. साधारण एक ते दोन वर्षं.

आमची तारीख गुरुवारी सकाळी असायची. जज मुलाला नावानं हाक मारून विचारायच्या, "झोप लागते का? इंजेक्शन कधी घेतलंस?" एकदा त्यानं लायब्ररीत काम मिळाल्याचं सांगितलं, तर अख्ख्या कोर्टानं टाळ्या वाजवल्या. मित्रानं मान फिरवून डोळे पुसले. त्याच सकाळी पुढच्या मुलाला, तीन अपॉइंटमेंट चुकवल्या म्हणून, दोन दिवसांसाठी आत पाठवलं. त्याची आई बाकावरून उठली ती तशीच उभी राहिली. ही दोन्ही दृश्यं एकाच कोर्टातली आहेत. जो आरोप नेहमीच्या कोर्टात तीन महिन्यांत मिटला असता, त्यासाठी इथे दीड वर्ष नजरेखाली राहावं लागू शकतं.

पण सगळ्यात जड प्रश्न वेगळाच आहे: आत शिरताना गुन्हा कबूल करावा लागतो का?

काही कोर्टांत लागतो. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं कोर्ट २००२ पासून चालू आहे. तिथे सहसा आधी कबुली, मग उपचार, आणि सगळं नीट पार पडलं तर आरोप रद्द किंवा सौम्य. कॅलिफोर्नियात २०१८ च्या कायद्यानं दुसरी वाट काढली: कबुलीशिवाय खटला थांबवायचा, आताच्या नियमाप्रमाणे किरकोळ गुन्ह्यात जास्तीत जास्त एक वर्ष, गंभीर गुन्ह्यात दोन वर्षं उपचार, आणि यशस्वी झाल्यास आरोप रद्द. खून, बलात्कार असे आरोप मात्र त्यात बसत नाहीत.

अमेरिकी नागरिकाला दोन्ही वाटा शेवटी एकाच दारात नेऊ शकतात. एच-१बी, विद्यार्थी व्हिसा किंवा ग्रीन कार्डवाल्याला नाही. इमिग्रेशन कायद्याच्या लेखी, कबुली दिली आणि त्यावर कोर्टानं काही शिक्षा किंवा बंधन घातलं, की तो दोषी ठरला. कार्यक्रम पूर्ण केल्याबद्दल राज्याच्या कोर्टानं नंतर आरोप पुसला, तरीही. म्हणजे इकडे मुलगा टाळ्यांच्या गजरात बाहेर पडतो, आणि तिकडे व्हिसाच्या कागदांत तीच केस जिवंत असते. कबुलीमुळे देशाबाहेर जावं लागू शकतं हे आरोपीला सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये ठरवलंय. तरी वाट पाहू नका, स्वतः विचारा, आणि इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा.

माझं मत विचाराल तर: आजार गंभीर असेल, पुरावा पक्का असेल, तुरुंगाची शक्यता खरी असेल आणि कबुलीशिवाय प्रवेश मिळत असेल, तर मेंटल हेल्थ कोर्ट घ्या. अशा कोर्टांतून गेलेल्यांना पुन्हा अटक होण्याचं प्रमाण कमी असल्याचं अभ्यासांत दिसतं, फरक फार मोठा नसला तरी. आरोप किरकोळ असेल, किंवा कबुलीची अट असून मुलगा नागरिक नसेल, तर नेहमीच्या कोर्टातच लढा आणि उपचार आपल्या खर्चानं आजच सुरू करा. ते जजसमोर मांडताही येतात.

आणि हा निर्णय मुलाचा आहे. अठरा वर्षांवरच्या मुलाच्या वतीनं 'हो' म्हणायचा हक्क आपल्याला नाही. डॉक्टरांची माहिती कोर्टाला मिळावी म्हणून त्यालाच सही करायची असते, आणि आजाराबद्दल बोलणं बहुधा भरल्या कोर्टात होतं. 'लोक काय म्हणतील' म्हणून आजार लपवणाऱ्या आपल्या घरांना हे फार जड जातं. त्याला झोप मिळू द्या, औषध लागू पडू द्या, मग शांतपणे विचारा.

आमच्यापुढे कबुलीचा कागद पहिल्याच आठवड्यात आला होता. वकिलानं तो परत केला आणि कबुलीशिवाय प्रवेश मागितला. तीन आठवडे लागले. मित्राच्या बायकोनं त्या दिवसांत रोज मला फोन करून एकच विचारलं, "सही करून मोकळं होऊ या का?" रोज मी नाही म्हणालो.