निंजा 300 ला मागं किती रुंद टायर टाकायचा? (पिरेली डायब्लो रोसो 2, 140/70 रिव्ह्यू)

कावासाकी निंजा 300 वाल्यांना टायर बदलायची वेळ आली की एकच खाज सुटते, मागं जाड टायर टाकू. नाना पेठेत एका दुकानात गेलो तर काउंटरवरचा भाऊ गाडीकडं नुसती नजर टाकून म्हणतो, "दादा 160 बसवून देतो ना, मागून बघणारा म्हणंल सुपरबाईक आहे." म्हणलं रिम किती इंची आहे या गाडीची? "सतरा." अहो सतरा व्यास झाला, रुंदी किती? "ते कोण बघतंय दादा, सगळ्यांना बसतो." तिथून जे निघालो ते दुसऱ्या दुकानात जाऊन कंपनीचाच साईज घेतला, मागं 140/70 आर 17 आणि पुढं 110/70 आर 17, दोन्ही रोसो 2. (140 म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, 70 म्हणजे उंची त्या रुंदीच्या किती टक्के, आर म्हणजे रेडियल आणि 17 म्हणजे रिमचा व्यास इंचात.)

आता 140 च का, तर सगळा खेळ रिमच्या रुंदीवर आहे. निंजा 300 ची मागची रिम 4 इंची. रिमवरच कोरलेलं असतं, 17 च्या पुढं एमटी 4.00 असं, चिखल पुसून बघा. आणि ही रुंदी आतून मोजतात, टायरची कडा जिथं बसते तिथून तिथपर्यंत, त्यामुळं बाहेरून टेप लावून "माझी साडेचार भरली" म्हणू नका. 140/70 ला 4 इंची रिम म्हणजे बरोब्बर माप. 160/60 हा टायर निंजा 650 ला येतो आणि तिची रिम साडेचार इंची आहे. तो 4 च्या रिमवर चढवला तर दोन्ही बाजूंनी दाबला जातो आणि चिमटीत धरलेल्या वडापावसारखा मधून वर येतो. मग सरळ चालवताना रस्त्याला टेकतो तो मधला उंचवटा, तोच झिजून सपाट होतो आणि कडेचं रबर नवंकोरं राहतं. म्हणजे पैसे दिले रुंदीचे आणि वापरली मधली पट्टी.

"पण जाड टायर म्हणजे जास्त ग्रिप" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. टायरचा रस्त्याला टेकणारा तुकडा किती मोठा, हे मुख्यतः गाडीचं वजन आणि आतली हवा ठरवते. रुंद टायरनं त्या तुकड्याचा आकार बदलतो, आडवा जास्त आणि लांबीला कमी होतो, क्षेत्रफळ काही दीडपट होत नाही. वर अजून एक गंमत, टायर जितका रुंद तितका वळणात टेकणारा भाग मधल्या रेषेपासून लांब सरकतो, म्हणून तेवढ्याच स्पीडनं तेच वळण घ्यायला गाडी जास्त झुकवावी लागते. मोठ्या बाईकला 180-190 लागतो कारण तिथं ताकद तेवढी आहे, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की ती सगळी मागच्या टायरवर येते, रबर तापतं, आणि ते सोसायला रुंदी पाहिजे. आपल्याकडं 39 पीएस. मोटो थ्रीच्या रेस बघता ना, त्या 250 सीसीच्या गाड्या सरळ पट्ट्यात 200 च्या वर जातात आणि त्यांचा मागचा टायर 115-120 चा असतो. त्यांना पण जाड परवडला असता की.

मग 150/60 चं काय? हा प्रश्न रास्त आहे कारण तो 4 इंची रिमवर चालतो, केटीएम ड्यूक 390 आणि आरसी 390 ला कंपनीच देते. पण 10 मिलीनी रुंद झाला म्हणून खूश व्हायच्या आधी तिरक्या रेघेनंतरचा आकडा बघा. 140 चे 70 टक्के म्हणजे 98 मिली उंची, 150 चे 60 टक्के म्हणजे 90. टायर 8 मिलीनी बुटका, म्हणजे गाडीचं बूड तेवढं खाली बसलं, आणि स्टिअरिंग थोडं आळशी होणार. व्यास 16 मिलीनी कमी, म्हणजे अडीच टक्क्याच्या आसपास गिअरिंग छोटं झालं, हायवेला त्याच स्पीडला आरपीएम जरा वर. घातक काही नाही, पण मिळवलं काय? पार्किंगमध्ये मागून फोटो. आणि 150/70 टाकायचा झाला तर तो वर पण वाढतो, 105 मिली, चेन आणि मडगार्डला किती जागा उरते ते चाक हातानं फिरवून बघा, वेगात टायर अजून थोडा फुगतो हे धरून.

आता रोसो 2 बद्दल. कंपनीच्या टायरवरून यावर आलं की पहिल्या वळणातच कळतं, गाडी हँडलवर जोर न देता आत पडते आणि जिथं ठेवली तिथं राहते, मध्येच उठून बसत नाही. ताम्हिणीत पावसात चालवली, शेवाळलेल्या कडेचा भाग सोडला तर कुठं मन कचरलं नाही. ओल्यात ब्रेक लावताना मागचं चाक आधी जसं लगेच लॉक व्हायचं तसं आता होत नाही (माझी एबीएस नसलेली जुनी गाडी आहे). साईडवॉलवर 66एच लिहिलंय, म्हणजे 300 किलो वजन आणि 210 चा वेग, गाडीच्या गरजेला पुरून उरतं. खराब रस्त्यावर रायडिंग जरा कडक वाटते, खंबाटकीच्या अलीकडचे पॅच कमरेला कळतात. आणि हा काही टूरिंग टायर नाही, रबर मऊ आहे, रोज ऑफिसला 40 किमी हायवे असेल तर मधला भाग लवकर जाणार, तुमच्यासाठी जरा कडक कंपाऊंडचा टूरिंग रेडियल बरा. पैसे कमी घालायचे असतील तर अपोलो अल्फा एच1 पण याच साईजमध्ये येतो, आपल्याकडंच बनतो.

जोडीच बदला. गाडीबरोबर आलेले बायस टायर होते (आतले धागे तिरपे, रेडियलमध्ये ते कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असतात), पुढं बायस ठेवून मागं एकट्यालाच रेडियल टाकणं मला तरी पटत नाही. घेताना साईडवॉलवरची तारीख वाचा, शेवटचे चार आकडे, 2224 असेल तर 2024 सालचा 22 वा आठवडा. बसवताना बाणाची दिशा बघा, बॅलन्सिंग करून घ्या आणि पहिले शंभर-दीडशे किमी घाटात हिरोगिरी नको, नव्या रबरावरचा थर निघेपर्यंत टायर गुळगुळीतच असतो. हवा थंड टायरला पुढं 28 मागं 32, पंपावरचा पोरगा न विचारता 40 भरतो, त्याच्यावर उभं राहून लक्ष ठेवा.